डायनिंग टेबलावर पोकरचं टेबल: एका घरगुती बांधणीचं प्रकरण

## पार्श्वभूमी

हे प्रकरण पुण्यातलं आहे. सिंहगड रस्त्यावरच्या एका सोसायटीत, चौथ्या मजल्यावरच्या टू बीएचकेत, साधारण पंधरवड्याने शनिवारी रात्री आठ मित्र पत्ते खेळायला बसतात. सगळे चाळिशीच्या अलीकडे-पलीकडे. एकाचं भोसरीत फॅब्रिकेशनचं छोटं शेड आहे, एक बँकेत आहे, दोघे आयटीत. बाकीच्यांचे व्यवसाय इथे महत्त्वाचे नाहीत. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. माझा संबंध लाकूडकामाच्या हौसेपुरता: मापं, प्लाय आणि कापणी याबद्दल त्यांनी मला विचारलं आणि मी शेवटपर्यंत आजूबाजूला राहिलो. पत्त्यांत मी कच्चाच.

कॉलेजात ही मंडळी मेंढीकोट आणि रमी खेळायची. पोकर उशिरा आला. गोव्याच्या एका सहलीत मांडवी नदीतल्या कसिनोच्या जहाजावर त्यांनी पहिल्यांदा खरंखुरं पोकरचं टेबल पाहिलं: लंबगोल, कडेला गुबगुबीत गादी, ताणून बसवलेलं कापड. पैसे बेताचेच हरले, पण टेबल डोक्यात बसलं.

ते खेळतात तो प्रकार टेक्सस होल्डएम. प्रत्येकाला दोन पत्ते झाकून मिळतात आणि मधोमध पाच पत्ते उघडे मांडले जातात, ते सगळ्यांचे सामाईक. टेबलाच्या रचनेशी याचा थेट संबंध आहे. रमीत ज्याची त्याची नजर हातातल्या तेरा पत्त्यांवर असते. इथे आठही जणांना मध्यावरचे पाच पत्ते दिसायला हवेत, आणि चिप्स (डाव लावायला पैशांऐवजी वापरतात त्या गोल चकत्या) पुढे सरकवायला प्रत्येकाचा हात तिथपर्यंत पोचायला हवा.

## अडचण

खेळ चालायचा यजमानांच्या डायनिंग टेबलावर. टेबल सागवानी, पाच फूट बाय तीन फूट, वर ८ मिलिमीटर जाडीची काच. आठ जणांत दोघे कायम कोपऱ्यावर, टेबलाचा पाय दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये घेऊन बसलेले.

काचेचा त्रास दुहेरी होता. गुळगुळीत काचेवर फेकलेला पत्ता थेट समोरच्याच्या मांडीवर जायचा. आणि जो थांबायचा तो इतका सपाट चिकटायचा की नख लावूनही उचलता येत नसे. होल्डएममध्ये आपले दोन पत्ते टेबलावरच ठेवून फक्त कोपरा वर करून बघायचा असतो. काचेवर ते जमत नाही, पत्ते हातात घ्यावे लागतात आणि मग शेजाऱ्याला दिसतात. त्यात चिप्सचा खणखणाट. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी दोनदा, तेही सभ्य शब्दांत, विचारलं होतं की रात्री दीडला तुम्ही नाणी मोजता का.

याशिवाय घरातली बाजू. डायनिंग टेबल यजमानांच्या आईंचं होतं. म्हणजे भाजी निवडणं, नातीचा अभ्यास, औषधांचा डबा, सगळं तिथेच. टेबल करायचं ठरतंय म्हटल्यावर त्यांनी दोन अटी घातल्या: "माझ्या टेबलाला खिळा लागता कामा नये, आणि रविवारी सकाळी चहाला टेबल मोकळं हवं." सूनबाईंची तिसरी अट: हॉलमध्ये नवीन फर्निचर कायमचं उभं राहणार नाही.

माझ्या मते या तीन अटी हेच या प्रकरणाचं खरं आरेखन होतं. टेबल पंधरवड्यातून पाच तास खेळायला लागतं. उरलेला सगळा वेळ ते कुठेतरी ठेवायचं असतं. मंडळी मात्र सुरुवातीचे कित्येक दिवस कापड हिरवं की मरून यावर वाद घालत होती.

## समोर असलेले पर्याय

तयार टेबल विकत घेणं लगेच बाद झालं. किंमत हे एक कारण. दुसरं म्हणजे लिफ्ट. सात-आठ फुटी एकसंध टेबल लिफ्टमध्ये मावत नाही आणि जिन्याच्या वळणावर अडकतं.

घडीच्या पायांचं स्वतंत्र टेबल हा दुसरा पर्याय. भोसरीवाल्याला हाच आवडला होता, कारण पाय वेल्ड करणं हे त्याचं रोजचं काम. खेळाच्या दृष्टीने हाच सगळ्यांत चांगला पर्याय होता असं मी आजही म्हणेन, कारण उंची आपल्या हातात राहते. पण पाय दुमडल्यावरही सात फुटी फळी उरतेच. हॉल अकरा फूट बाय सतरा फूट. लंबगोल टेबल सात फूट बाय साडेतीन फूट धरलं आणि खुर्च्या मागे सरकवायला चहूबाजूंनी तीन फूट सोडले, तर तेरा बाय साडेनऊ फूट जागा लागते. खेळताना जागा होते, सोफा एका टोकाला ढकलायचा. पण आधीच मांडलेलं डायनिंग टेबल तेवढ्या वेळात कुठे न्यायचं? इथे हा पर्याय बारगळला.

तिसरा पर्याय म्हणजे डायनिंग टेबलावर ठेवायचं झाकण, ज्याला पुढे सगळे 'टॉप' म्हणू लागले. एकसंध टॉप की दोन तुकड्यांचा, हा त्यातला उपप्रश्न.

चौथा पर्याय बँकवाल्याने सुचवला आणि त्याची थट्टा झाली: लाकूडबिकूड काही नको, रबर-फोमवर चिकटवलेल्या कापडाची एक मोठी मॅट घ्या, काचेवर पसरा, खेळ झाला की गुंडाळा. "मग गोव्याचं टेबल कुठे राहिलं?" असं विचारून तो पर्याय निकालात काढला गेला. तो पुढे परत आला.

## आकार कसा ठरला

पोकरच्या टेबलाला माणशी साधारण दोन फूट कडा धरतात. सात फूट बाय साडेतीन फूट लंबगोलात दोन्ही बाजूंच्या सरळ कडा मिळून ८४ इंच आणि दोन अर्धवर्तुळं मिळून सुमारे १३२ इंच, एकूण २१६. नऊ जणांत वाटले तर माणशी बरोबर २४ इंच, आठ जणांत २७. आठ फूट बाय चार फूट केलं असतं तर प्लायच्या अख्ख्या शीटची लांबी-रुंदी न कापता वापरता आली असती, म्हणून तो मोह होता. पण चार फूट रुंदीत मध्यापर्यंत हात पोचायला पुढे वाकावं लागतं. कसिनोत हे चालतं, कारण चिप्स ओढून घ्यायला मध्ये डीलर बसलेला असतो. घरी पत्ते आळीपाळीने खेळाडूच वाटतात. याच कारणाने कसिनोच्या टेबलाला असते ती डीलरची खाच आणि चिप्सचा ट्रेही वगळला. आयटीतल्या एकाला ही खाच फार हवी होती; फोटोत छान दिसते, यापलीकडे त्याच्याकडे कारण नव्हतं.

अष्टकोनी टेबलाचाही विचार झाला. समोरासमोरच्या कडांमध्ये चार फूट अंतर ठेवलं तर प्रत्येक बाजू जेमतेम २० इंचांची पडते. आठ जणांतल्या तिघांच्या देहयष्टीकडे बघून तो विषय मिटला.

## तुकडे करायचे की नाही

सगळ्यांत मोठा निर्णय हा होता. वजनाचा हिशेब केला. १२ मिलिमीटर प्लायचा लंबगोल तळ सोळा किलोच्या आसपास भरतो. त्यावरची कडेची रिंग १८ मिलिमीटरची, ती सात किलो. वर फोम, रेग्झिन, बाकीचं सामान. सगळं मिळून सत्तावीस-अठ्ठावीस किलो. शनिवारी आठ हात असतात, पण रविवारी सकाळी टेबल मोकळं करायला यजमान एकटे. म्हणून दोन तुकडे: प्रत्येकी साडेतीन फूट चौरसात मावणारे, चौदा किलोचे. लिफ्टमध्येही उभे जातात आणि बेडरूमच्या दाराआडही राहतात.

मध्ये बिजागरी लावून घडीचं करावं असंही एकाने सुचवलं. घडी घातली तरी वजन तेवढंच राहतं, शिवाय उचलताना मध्येच मिटून बोटं सापडतात. त्यापेक्षा दोन सुटे भाग, सांध्यात एकमेकांत बसणाऱ्या लाकडी खुंट्या, आणि खालून पत्र्याच्या ट्रंकेला लागतात त्या ओढून बसवायच्या कड्या.

काच काढायची की ठेवायची यावर गंमत झाली. काच काढली तर उंची कमी होते, म्हणून इंजिनिअर मंडळी काढायच्या बाजूची होती. पण ८ मिलिमीटर काच चौरस मीटरला वीस किलो भरते. पाच बाय तीन फुटांची ती काच म्हणजे अठ्ठावीस किलो. टॉप हलका करायला इतका खटाटोप करून त्याच वजनाची काच दर खेपेला उचलायची? काच राहिली. ती पूर्णपणे लाकडावर टेकलेली असल्याने वरच्या भाराने फुटायची भीती नव्हती. सरकू नये म्हणून मध्ये जुन्या योगा मॅटचे तुकडे घातले.

टोकांचा प्रश्न राहिला. डायनिंग टेबल पाच फुटी, टॉप सात फुटी, म्हणजे दोन्ही टोकांना एकेक फूट अधांतरी. नुसती कोपरं टेकली तर दोन्ही भाग कड्यांनी जखडलेले असल्यामुळे टॉप उचकटत नाही. पण टोकाला बसलेला माणूस उठताना दोन्ही हातांनी जोर देऊन उठला, तर उलटू शकतो. खिळा मारायचा नाही ही अट पाळून भोसरीवाल्याने 'एल' आकाराचे लोखंडी आकडे केले, आतून रबर लावलेले. ते टॉपच्या खालून निघून डायनिंग टेबलाच्या कडेखाली अडकतात आणि अंगठ्याच्या स्क्रूने आवळले जातात. या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत नेमकं काम हेच.

## पैशांचा प्रश्न, दोन अर्थांनी

खर्च पंधरा हजारांच्या आत बसेल असा अंदाज निघाला. यजमानांनी सुचवलं की ते आधी घालतील आणि दर खेळाला प्रत्येकाकडून शंभर-शंभर घेऊन वसूल करतील. सोपं वाटलं, सगळे हो म्हणाले. एका खेळाडूच्या पत्नी वकील आहेत. त्या वहिनींनी जेवताना हे ऐकलं आणि तिथल्या तिथे थांबवलं.

मुद्दा असा. महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा अजून लागू आहे. त्यात जुगाराचा अड्डा कशाला म्हणायचं याची व्याख्या आहे: जिथे खेळाची साधनं घरमालकाच्या वा वापरणाऱ्याच्या फायद्यासाठी ठेवली जातात, मग तो फायदा जागेच्या किंवा साधनांच्या वापराबद्दल आकार घेऊन का असेना. निव्वळ कौशल्याच्या खेळांना हा कायदा लागत नाही. रमीबद्दल सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्येच म्हटलं की तो प्रामुख्याने कौशल्याचा खेळ आहे. त्याच निकालात तीन पत्तीला मात्र निव्वळ नशिबाचा खेळ म्हटलं. पोकरबाबत न्यायालयांचं एकमत नाही; गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये तो जुगारच धरला. अशा वेळी पैसे लावून खेळणं आणि वर घरमालकाने दर खेळाला माणशी रक्कम घेणं, हे दोन्ही एकत्र आलं की 'टेबलाचा खर्च वसूल करत होतो' हे सांगत बसावं लागतं. "खर्च आधीच समान वाटून घ्या आणि चिप्सला रुपये जोडू नका," एवढंच वहिनी म्हणाल्या.

तसं झालं. प्रत्येकी दोन हजार वर्गणी, काम सुरू व्हायच्या आधी, यजमानांसकट सगळ्यांची सारखी. चिप्सचे फक्त गुण; वहीत नोंद. महिन्याच्या शेवटी तळाला असलेल्याने सगळ्यांना मिसळ खायला घालायची. दोघा जणांना यात थरार उरला नाही असं वाटलं आणि ते काही दिवस कुरकुरत होते. माझ्या दृष्टीने घरातल्या बायामाणसांचा विरोध मावळला तो याच निर्णयाने, टेबलाच्या देखणेपणाने नाही.

## काम

प्लाय भवानी पेठेच्या टिंबर मार्केटमधून आणला. पाण्याला टिकणारा बीडब्ल्यूआर घ्यायचा की साधा एमआर, यावर थोडी घासाघीस झाली. घरात वापरायच्या वस्तूला एमआर पुरतो, पण कोणीतरी पाण्याचा ग्लास सांडणार हे ठरलेलंच, म्हणून बीडब्ल्यूआर. एक शीट १२ ची, एक १८ ची.

कापणी भोसरीच्या शेडमध्ये रविवारी. लंबगोल काढणं सोपं आहे: दोन केंद्रबिंदू ४२ इंच अंतरावर, दोन्हींवरून २१ इंच त्रिज्येचं अर्धवर्तुळ, मग सरळ रेषांनी जोडायचं. रिंगेची आतली कडाही त्याच केंद्रांवरून, त्रिज्या साडेसोळा. रेखाटलं बिनचूक. पण पहिली गोलाई जिगसॉने हातावर कापली आणि पातं भरकटलं. रेषेच्या आत-बाहेर दोन-दोन, तीन-तीन मिलिमीटर. तळाची कडा रिंगेच्या रेग्झिनखाली झाकली जाणार होती म्हणून चाललं. रिंगेसाठी मात्र राउटर, म्हणजे फिरत्या पात्याने लाकूड कोरणारं यंत्र, आणला. प्लायची एक लांब पट्टी घेऊन एका टोकाला राउटर स्क्रूने बसवला, पट्टीला २१ आणि साडेसोळा इंचांवर भोकं पाडली आणि केंद्रात खिळा ठोकून कंपासासारखा फिरवला. प्रत्येक फेरीला तीन-चार मिलिमीटरच खोल जायचं, घाई केली तर कडा जळून काळी पडते. दोन्ही गोलाया इतक्या स्वच्छ निघाल्या की पॉलिश पेपर नावालाच मारावा लागला.

रिंगेच्या आतून जो सव्वासहा फूट बाय पावणेतीन फूट तुकडा निघाला, तो कोपऱ्यात उभा करून ठेवला. त्यातून तळाला आधारपट्ट्या काढायच्या असं कागदावर होतं; वजन वाढतं म्हणून ऐन वेळी वगळल्या गेल्या.

रिंगेवर २५ मिलिमीटरचा ४० डेन्सिटीचा फोम फेविकॉल एसआरने चिकटवला. त्याहून मऊ फोमवर कोपर थेट प्लायला लागतं. रेग्झिन मात्र कोणी स्वतः ओढायच्या भानगडीत पडलं नाही. सोफ्याचं काम करणाऱ्या कारागिराला शेडवरच बोलावलं. त्याची पद्धत बघण्यासारखी होती. आधी सरळ बाजूंचं रेग्झिन ताणून स्टेपल मारले. मग गोलाईच्या मध्यावर एक, त्याच्या दोन्ही अंगांना निम्म्यावर एकेक, असं करत फट भागत गेला. बाहेरच्या गोलाईत खाली गोळा होणाऱ्या चुण्या लहान-लहान करून दाबल्या. आतल्या गोलाईत उलटं होतं, तिथे रेग्झिन कमी पडतं. म्हणून कडेपासून बोटभर अलीकडेपर्यंत काप दिले आणि हीट गनने किंचित गरम करून ओढलं. "थंड रेग्झिन ऐकत नाय दादा," एवढंच त्याचं स्पष्टीकरण. मजुरी तो मागेल ती दिली आणि ती वसूल झाली.

ग्लाससाठी रिंगेत भोकं पाडायचा आग्रह होता. तो मोडला हे बरं झालं. थंड ग्लासाचं पाणी भोकाच्या कडेने प्लायमध्ये मुरतं, आणि सात इंची उंच ग्लासाला कोपराचा धक्का लागतोच. ग्लास दोन स्टुलांवर ठेवायचे ठरलं.

खेळायच्या पृष्ठभागाचा निर्णय मात्र दुकानात उभ्या-उभ्या झाला. मखमलीसारखं केसाळ हिरवं कापड दिसलं, स्वस्त होतं, सगळ्यांना आवडलं. खाली ५ मिलिमीटरचा फोम आणि प्रत्येक अर्ध्या भागावर कापड वेगवेगळं चिकटवून कडेवरून खाली वळवलं.

## पहिली फेरी

पहिल्या रात्री फोटो खूप निघाले. खेळ मात्र तासाभरात अडखळू लागला. केसाळ कापडावर पत्ता सरकतच नव्हता. फेकला की दीड फुटावर थांबायचा आणि कधी उलटून पडायचा. शिवाय दोन भागांचा सांधा बरोबर मध्यावरून, म्हणजे जिथे पाच सामाईक पत्ते मांडायचे तिथूनच जात होता. कड्या आवळूनही वळवलेल्या कापडाच्या जाडीमुळे बारीक भेग राहायची. दुसऱ्याच खेपेला इस्पिकची राणी त्या भेगेत गेली आणि गड्डी एक्कावन्न पत्त्यांची झाली. एकमेकांच्या बाह्या झटकून झाल्यावर टॉप सोडवताना ती सापडली.

मग पावसाळा. दोन्ही भाग बेडरूमच्या दाराआड तिरके टेकवलेले होते. गणपतीच्या सुमारास ते जोडायला गेले तर एक भाग पोटाला वाकलेला, सांध्यावर चांगला चार-पाच मिलिमीटरचा उंचवटा. प्लाय तिरका टेकवला की स्वतःच्या वजनाने वाकतो हे एक कारण. दुसरं कमी लक्षात येणारं: वरच्या बाजूला सरस, फोम आणि कापड, खालची बाजू कोरी. कोरी बाजू दमट हवेतली ओल पिते, वरची पीत नाही. दोन्ही बाजू असमान फुगल्या की फळी वाकणारच.

## दुरुस्ती आणि निकाल

इथे गटात दोन मतं पडली. एक गट म्हणत होता, नवीन प्लाय आणून एकसंध टॉप करू, सांध्याची कटकटच नको. त्यांनी वजनाचा हिशेब परत वाचावा असं मी सुचवलं. दुसऱ्या गटाच्या म्हणण्याप्रमाणे लाकूड दोन भागांतच राहू द्यायचं आणि खेळायचा पृष्ठभाग तेवढा अखंड करायचा. म्हणजे बँकवाल्याची मॅट.

हाच मार्ग घेतला. केसाळ कापड आणि फोम खरवडून काढला. खालच्या बाजूला वॉर्निशचे दोन हात दिले, कोपऱ्यात पडून असलेल्या १८ मिलिमीटरच्या तुकड्यातून आधारपट्ट्या कापून बसवल्या. वजन किलो-दीड किलोने वाढलं, पण वाक बराचसा सरळ झाला. वर गुळगुळीत, दाट विणीचं पॉलिस्टर कापड रबर-फोमच्या चार मिलिमीटर थरावर चिकटवलेली अखंड मॅट, रिंगेच्या आतल्या मापाने कापलेली. कापडाचे चार नमुने घरी आणून प्रत्येकावर पत्ते फेकून बघितले, मग निवडलं. मॅट गुंडाळताना कापड बाहेरच्या बाजूला ठेवायचं, हे एकदा चुकल्यावर कळलं. आत ठेवलं तर पसरल्यावर टोकं वर उचलली जातात.

आता पत्ता टेबलभर सरकतो, कोपरा दाबला की बोट खाली जातं, चिप्सचा आवाज खालच्या मजल्यावर पोचत नाही. सांधा मॅटखाली गेला. टॉप दिवाणाखाली आडवा ठेवतात आणि यजमान तो एकटे काढतात. सगळा खर्च वर्गणीत बसला, थोडे पैसे उरले, त्यातून प्लास्टिकच्या पत्त्यांचे दोन जोड आले.

एक उणीव राहिली ती उंचीची. डायनिंग टेबल तीस इंच, वर काच, रबर, तळ, रिंग आणि फोम. कडा साडेबत्तीस इंचांवर जाते. अठरा इंची खुर्चीत बसून कोपर त्यावर टेकवलं की खांदे वर चढतात, आणि दोन तासांनी मान दुखते. खुर्च्यांवर उश्या घेणं हा त्यावरचा सध्याचा तोडगा. बुटक्या दोघांचे पाय मग जमिनीला लागत नाहीत.

अपेक्षित नसलेली एक गोष्टही घडली. नुसती मॅट काचेवर टाकून आईंचा भिशीचा गट दुपारी रमी खेळू लागला. टॉप लागत नाही, आकडे लागत नाहीत.

## वेगळं काय करता आलं असतं

मॅट आधी घ्यायला हवी होती. कमी खर्चाचा पर्याय फक्त साधा दिसतो म्हणून फेटाळला गेला. तो महिनाभर वापरला असता तर काचेचा त्रास किती आणि जागेचा किती हे वेगळं कळलं असतं. कदाचित टॉप तरीही केला असता, कारण कोपऱ्यावर बसणाऱ्या दोघांचा प्रश्न मॅटने सुटत नाही. पण मखमल तरी टळली असती.

रिंग १२ मिलिमीटरची आणि फोम १५ चा केला असता तर उंची दीड सेंटिमीटरने उतरली असती. गादीचा गुबगुबीतपणा जरा कमी झाला असता. गोव्याच्या टेबलासारखं दिसायला हवं या हट्टाची किंमत मान देते आहे. ज्याच्या घरी गच्ची किंवा रिकामी खोली आहे त्याने टॉपच्या फंदात न पडता २९-३० इंच उंचीचं पायांचं टेबलच करावं.

आधारपट्ट्या वगळणं मला त्या वेळीही पटलं नव्हतं, पण चौदा किलोच्या आकड्याला सगळे चिकटून होते. आणि खालची बाजू कोरी ठेवणं ही फर्निचरवाल्यांच्याही हातून सर्रास होणारी गोष्ट आहे. दिसत नाही तिथे कोण वॉर्निश लावतो.

मालकीचा प्रश्न कोणी सुरुवातीला काढला नव्हता. पुढे आठातला एक नोकरीनिमित्त बंगळुरूला गेला आणि त्याने, अर्धं चेष्टेत, दोन हजारांचं काय असं विचारलं. वहीच्या शेवटच्या पानावर मग तीन ओळी लिहिल्या गेल्या: वर्गणी परत मिळणार नाही; नव्या येणाऱ्याने वर्गणी न देता वर्षभराचे पत्ते आणायचे; यजमानांनी घर बदललं तर टॉप डायनिंग टेबलाबरोबर जाईल. या तिसऱ्या ओळीवर चर्चाच झाली नाही, कारण भोसरीत केलेले आकडे दुसऱ्या कुठल्या टेबलाच्या कडेला बसत नाहीत.